मोरेला नारळ

बीड जिल्ह्यात फुटबॉलचा शौकीन सापडणं अवघड, आणि एकदा सापडला की त्याला आवरणं त्याहून अवघड. जिल्ह्याला खेळाचं वावडं आहे असं नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे अडथळ्यांच्या शर्यतीत दोन ऑलिंपिक धावून आला. बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ९६ धावा ठोकल्या. जत्रेतल्या कुस्त्यांचं तर विचारूच नका. फुटबॉल मात्र इथं शाळेच्या पटांगणात, आणि तोही चेंडूतली हवा टिकेल तितके दिवस. त्यामुळं इथला फुटबॉलवाला खेळत नाही, बोलतो. त्यातही एक खास जात अशी आहे की गोल कुणी मारला, कसा मारला याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. मॅनेजरला कधी काढलं, का काढलं, आणि काढल्यावर तो गेला कुठं, एवढ्या तीन प्रश्नांवर ही जात पावसाळा काढते.

माझ्या पाहण्यातला या जातीचा सर्वांत अस्सल नमुना म्हणजे नाना मुकादम.

मांजरसुंब्याहून केजकडं जाताना एका फाट्यावर एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, भज्यांची कढई आणि उधारीची वही. ज्येष्ठ लागल्यापासून दसऱ्यापर्यंत नाना संध्याकाळी तिथं असतो. खांद्यावर टॉवेल, खिशात दोन फोन. एक फोन धंद्याचा, दुसरा फुटबॉलचा. धंद्याचा वाजला की नाना आधी नाव बघतो आणि मग बहुतेक वेळा बघतच राहतो, कारण पलीकडं कुणीतरी पैसे मागणारा असतो. फुटबॉलचा फोन कधी वाजत नाही. पण तो बाहेर निघाला की समजावं, युरोपात कुठंतरी कुणाची तरी नोकरी गेली.

नाना ऊसतोडीचा मुकादम. धंदा सांगायला सोपा, करायला जीवघेणा. पावसाळ्यात कारखान्याकडून नाहीतर वाहतूकदाराकडून उचल घ्यायची, ती गावातल्या जोड्यांना वाटायची. दसरा झाला की टोळी ट्रकात-ट्रॅक्टरात घालून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात न्यायची, आणि मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ती फुटू द्यायची नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. कोयता मधेच पळाला तर त्याची उचल मुकादमाच्या बोडक्यावर. टोळीतली बाई पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भाकरी थापते, मग फडात जाऊन नवऱ्याच्या बरोबरीनं राबते, आणि वहीत नाव मात्र नवऱ्याचं असतं. नानाच्या वहीतही तसंच आहे. नाना माझा मित्र असला तरी हे सांगून ठेवलेलं बरं, कारण तो स्वतःला मँचेस्टर युनायटेडचा सर ॲलेक्स फर्ग्युसन समजतो.

फुटबॉलची बाधा त्याला कोल्हापुरात झाली. टोळी त्या बाजूच्या एका कारखान्यावर होती. ट्रॅक्टरचा पार्ट आणायला नाना शहरात गेला, तर दुकानाला कुलूप. शेजारच्यानं सांगितलं, मालक मॅचला गेलेत. नाना मालकाला शोधत शाहू स्टेडियमवर पोचला. आत पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांची लढत चाललेली. कोल्हापूरच्या पेठांत या दोन नावांवरून भावाभावांत अबोला होऊ शकतो. गॅलरीत पाऊल टाकायला जागा नाही, हलग्या कडाडतायत, आणि मैदानात एक आफ्रिकेतून आलेला गडी आपल्या पेठेसाठी जिवाच्या आकांतानं पळतोय. नानानं हे सगळं पाहिलं, पण त्याची नजर खिळली ती रेषेबाहेर उभ्या असलेल्या एका माणसावर. हा माणूस चेंडूला पाय लावत नव्हता. नुसता हातवारे करत होता आणि शिव्या देत होता.

"ह्यो काय करतो?" नानानं शेजारच्याला विचारलं.

"कोच हाय."

"पळत तर न्हाई."

"पळवतो."

"पैसं?"

"मिळत्यात की."

पार्ट संध्याकाळी मिळाला. तोवर नानाला साक्षात्कार झाला होता की जगात आपल्या धंद्याला टाळ्या मिळतात अशीही एक जागा आहे.

पुढं टीव्ही आला, मग मोबाईल आला, आणि कोल्हापूरचा नाना इंग्लंड-स्पेन-इटलीपर्यंत पोचला. चॅम्पियन्स लीगचे सामने हिवाळ्यात आपल्याकडं रात्री दीडला सुरू होतात आणि सव्वातीन-साडेतीनला संपतात. नोकरदाराला ही वेळ म्हणजे शिक्षा. ऊसतोडीच्या मुकादमाला मात्र ती मापात बसते, कारण सामना संपायला आणि टोळी उठवायला एकच गाठ पडते. नाना कोपीत घोंगडी पांघरून सामना बघतो, तिकडं पंचानं शेवटची शिट्टी वाजवली की इकडं बाहेर येऊन हाक मारतो. हाकेच्या सुरावरून टोळीला निकाल कळतो. अंगाला सुई टोचावी अशा थंडीत, तोंड न धुतलेल्या माणसांना कुठल्या तरी माद्रिदच्या पराभवाच्या शिव्या खाव्या लागतात, हे जागतिकीकरण अजून कुठल्या अहवालात आलेलं नाही.

फाट्यावरच्या बैठकीत बाकीचे गडीही आपापल्या जागी पक्के आहेत. जिल्हा परिषद शाळेतले सर मँचेस्टर युनायटेडचे. १९९९ सालच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातल्या त्या शेवटच्या मिनिटांतल्या दोन गोलांवर त्यांची भक्ती अजून चालू आहे. मोबाईलच्या दुकानातला पोरगा चेल्सीचा. बँकेतला क्लार्क आर्सेनलचा, त्यामुळं तो फारसा बोलत नाही. शिवाय आप्पा. आप्पांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण कुणाला कुठून काढलं हा विषय निघाला की ते कान टवकारतात, कारण सहकारी साखर कारखान्याचं राजकारण त्यांनी उभ्या आयुष्यात जवळून पाहिलंय. खरं सांगायचं तर बैठकीतला सर्वांत अचूक विश्लेषक तेच आहेत.

२०२५ चे गणपती नुकतेच बसले होते. नाना आला, बसला, फुटबॉलचा फोन बाहेर काढला आणि म्हणाला, "मोरेला नारळ दिला."

"कोन्या गावचा मोरे?" आप्पा.

"तुर्कस्तानातला."

"तिकडं कव्हा गेला?"

"मागल्या साली. फेनरबाचे."

आप्पांनी मान डोलावली. खाजगी कारखान्यांची नावं हल्ली कशीही असतात.

नानाचा मोरे म्हणजे जोसे मोरिन्यो. पोर्तुगालचा. २००४ ला पोर्टोसारख्या संघाला युरोपचा विजेता करणारा, चेल्सीला लागोपाठ दोन लीग मिळवून देणारा, २०१० ला इंटर मिलानसाठी एकाच हंगामात तिन्ही मोठे करंडक उचलणारा, २०१२ ला रेयाल माद्रिदला १०० गुणांवर नेणारा. हे सगळं नाना एका दमात उरकतो. विजयात त्याला रस नाही. त्याचा आवाज लागतो तो डिसेंबर २०१५ पासून पुढं. गतविजेत्या चेल्सीला सोळाव्या क्रमांकावर आणून मोरे घरी. डिसेंबर २०१८, मँचेस्टर युनायटेडमधून घरी. एप्रिल २०२१, टॉटनहॅममधून घरी, आणि तेही करंडकाच्या अंतिम सामन्याला सहा दिवस उरले असताना. जानेवारी २०२४, रोमातून घरी. तिथं निदान एक युरोपियन करंडक देऊन. आणि आता बेनफिकाकडून हरून चॅम्पियन्स लीगचं दार बंद झालं म्हणून २९ ऑगस्टला फेनरबाचेनं हात जोडले.

"तिसरा हंगाम," नाना म्हणाला. "मोरेचं दुखनं तिसऱ्या हंगामात. पैल्या साली टोळी भ्येती. दुसऱ्या साली टोळी राबती. तिसऱ्या साली मुकादमाच्या शिव्या टोळीला पाठ होतेत."

"तुर्कस्तानात तिसरा नव्हता," सर म्हणाले. "दुसराच लागला होता."

"म्हातारपनी दुखनं लवकर येतं, सर."

नानाचा सिद्धान्त असा मोडत नाही, वाकतो. त्यानं फुटबॉलची सगळी व्यवस्था ऊसतोडीत बसवून टाकली आहे, आणि ती चीड येईल इतकी चपखल बसते. खेळाडूची किंमत म्हणजे उचल. उसना खेळाडू म्हणजे शेजारच्या टोळीतून आठवड्यासाठी मागितलेला कोयता. चेअरमन दोन्हीकडं चेअरमनच. इंग्लंडमध्ये चेअरमननं "मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे" असं पत्रक काढलं की आठ-पंधरा दिवसांत मॅनेजर बदलतो, हे ऐकल्यावर आप्पा एवढंच म्हणाले होते, "विश्वास हाय म्हनायची पाळी कामून आली, ते बगायचं."

नानाच्या शास्त्रातलं पहिलं सूत्र असं, की मुकादम एकटा कधीच चांगला नसतो. त्याच्या जोडीला कोण होतं ते बघायचं. याला त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ब्रायन क्लफ. इंग्लंडमधला डर्बी काउंटी हा मध्यम वकुबाचा संघ क्लफनं १९७२ ला लीगविजेता केला. पण क्लफ म्हणजे निम्मा माणूस. उरलेला निम्मा पीटर टेलर. खेळाडू हेरायचा टेलर, आणि त्याला घडवायचा, झापायचा क्लफ. १९७४ ला क्लफ लीड्सला गेला तेव्हा टेलर आला नाही, ब्रायटनलाच राहिला. लीड्स त्या वेळचा विजेता संघ. तिथं जाऊन क्लफनं पहिल्याच बैठकीत खेळाडूंना सुनावलं म्हणे, की तुमची पदकं कचऱ्यात टाका, ती तुम्ही लबाडीनं मिळवलीत. ४४ दिवसांत त्यालाच बाहेर टाकलं. पुढं नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये टेलर पुन्हा येऊन मिळाला आणि दोघांनी मिळून १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप नेले.

"अर्धा कोयता गेला लीड्सला," नाना म्हणतो. "तोडनारा गेला, मोळी बांधनारी घरी. खेप भरंल का?"

ऊसतोडीतला अर्धा कोयता काय असतो हे पाहिलेल्या माणसाला यापुढं क्लफवरची जाडजूड पुस्तकं वाचायची गरज उरत नाही. मोरिन्योलाही नाना हेच सूत्र लावतो. रुई फारिया हा मोरिन्योचा सतरा वर्षांचा सहायक. २०१८ च्या उन्हाळ्यात तो युनायटेड सोडून गेला, आणि डिसेंबरात मोरेला नारळ. नानाच्या लेखी खटला तिथंच निकालात निघाला.

भारतातलं उदाहरण सरांनी आणलं. गोव्याचे आर्मांडो कोलासो. डेम्पो संघाला त्यांनी देशाची पाच विजेतेपदं मिळवून दिली, दोन नॅशनल लीगची आणि तीन आय-लीगची. २०११ मध्ये काही महिने भारतीय संघही सांभाळला. २०१३ च्या अखेरीस ते कोलकात्याला ईस्ट बंगालकडं गेले. काम वाईट केलं म्हणावं तर पहिल्याच हंगामात आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक, वर कोलकाता लीग जिंकलेली. तरी फेब्रुवारी २०१५ ला बाहेर. गोव्यात एका घराण्याच्या क्लबात वर्षानुवर्षं एकाच मालकाशी बोलायची सवय. कोलकात्यात पदाधिकारी, समर्थक, वर्तमानपत्रं, आणि पानवालासुद्धा संघ कसा उभा करावा ते सांगणार.

नाना बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दुसरा नंबर आनून बी?" आणि त्या दिवशी त्यानं विषय वाढवला नाही. दुसरा नंबर आणूनही हाकलतात, हे त्याच्या शास्त्राला झेपणारं नव्हतं. माझ्या मते आर्मांडोंची गोष्ट मोरिन्योपेक्षा जास्त खरी आहे, पण फाट्यावर माझं मत कुणी विचारत नाही.

सिद्धान्ताची खरी कसोटी मात्र डेव्हिड मोयेसपाशी लागते. इथं नाना शास्त्रज्ञ राहत नाही, वकील होतो.

मोयेस ११ वर्षं एव्हर्टनचा मॅनेजर होता. पैसा बेताचा, करंडक एकही नाही, पण संघ बहुतेक हंगाम वरच्या अंगाला. २०१३ ला मँचेस्टर युनायटेडचा फर्ग्युसन निवृत्त झाला आणि जाताना आपल्या गादीवर मोयेसचं नाव सांगून गेला. करार सहा वर्षांचा. मोयेस हलला दहा महिन्यांतच. गतविजेता युनायटेड त्या हंगामात सातवा आला. हंगाम संपायच्या आधीच लोकांनी मैदानावरून विमान उडवून त्याच्या विरोधातला फलक फडकावला. ("आपल्याकडं माघारी बोलतेत, तिकडं वरून बोलतेत," इति आप्पा.) आणि एप्रिल २०१४ मध्ये शेवटचा घाव घातला तो त्याच्याच जुन्या एव्हर्टननं, २-०.

आता सरांचा मुद्दा असा, की मोयेस अर्धा कोयता म्हणून गेलाच नव्हता. एव्हर्टनमधले आपले सहायक त्यानं सोबत आणले, फर्ग्युसनची अनुभवी माणसं घरी पाठवली, आणि वर एव्हर्टनचाच फेलायनी पावणेतीन कोटी पौंड उचल देऊन आणला. टोळी नेली, मग खेप का भरली नाही?

"ऊस कुनी लावलेला?" नाना उसळला.

"फर्ग्युसननं."

"मंग? खोडवा व्हता त्यो. चार-चार तोडी झालेला. लावनारा गेला पैसं घेऊन, आन मोयेसच्या हाती काय? पाचट!"

मोयेसविरुद्ध एक शब्द नाना चालवून घेत नाही, याचं कारण फाट्यावर सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी काढत नाही. नानाही बरीच वर्षं एकाच कारखान्यावर जायचा. बेताचा कारखाना, बेताची उचल, तोडीच्या चिठ्ठ्या देणारे ओळखीचे चिटबॉय, ओळखीचे शेतकरी. टोळी त्याची नावाजलेली. मग एका मोठ्या कारखान्याच्या माणसानं येऊन दुप्पट कोयत्यांची उचल पुढं केली, आणि नाना कर्नाटकात गेला. तिथं भाषा कानडी. ऊस पडका, वाकडातिकडा. अड्ड्यापासून फड लांब. चिटबॉय काय बोलतो ते नानाला कळेना, आणि नाना काय बोलतो ते न कळल्यामुळं चिटबॉय हसायचा. दुप्पट कोयते जमवायचे म्हणून नव्यानं धरलेल्या जोड्यांतल्या काही रातोरात दुसऱ्या मुकादमाकडं गेल्या. संक्रांतीच्या आत नाना गावात दिसला. "तब्येत बरी न्हाई," असं तो तेव्हा सांगत होता, आणि अजूनही तेच सांगतो. त्या हंगामाच्या उचलीतला फेडायचा भाग फेडता फेडता एक ट्रॅक्टर गेला.

म्हणून मोयेस स्पेनमध्ये रेयाल सोसिएदादला गेल्याची कथा नाना वेगळ्याच आवाजात सांगतो. भाषा येत नाही. बार्सिलोनाला हरवलं तरी लोक परका म्हणतात. एका सामन्यात पंचांनी बाहेर काढलं तर हा जाऊन प्रेक्षकांत बसला आणि शेजारच्याच्या पुडीतले वेफर्स खाल्ले. मोबाईलवाल्या पोरानं तो व्हिडिओ दाखवला तेव्हा सगळे खो खो हसले. नाना हसला नाही.

"उपाशी आसंल," तो म्हणाला. "परमुलखात मुकादमाला जेवलास का म्हनून कोन इचारतं?"

त्यानंतर सुंदरलँड. तळाला जाऊन संघ खालच्या विभागात. नाना हा हंगाम "पाऊस झाला न्हाई त्या साली" एवढ्यात संपवतो, सुंदरलँडच्या पावसाचा इथं काही संबंध नसला तरी. मग वेस्ट हॅम, आणि २०२३ ला प्रागमध्ये थेट युरोपियन करंडक. त्या रात्री फाट्यावर नानानं सगळ्यांना चहा पाजला. हॉटेलवाल्यानं तो वहीत लिहिला.

एरिक टेन हागच्या नावाची मात्र या बैठकीत अडचण आहे. आप्पांसमोर ते आडनाव मोठ्यानं घ्यायला पोरं कचरतात, म्हणून त्याला "डच" म्हणतात. डचानं युनायटेडला दोन वर्षांत दोन करंडक दिले आणि तरी ऑक्टोबर २०२४ ला गेला. मग जर्मनीत लेव्हरकुसेननं नेला. लीगचे दोन सामने झाले, एक हरला, एक बरोबरीत, आणि १ सप्टेंबर २०२५ ला बाहेर. दोन सामने! मोरेनंतर तीनच दिवसांनी ही बातमी आली तेव्हा नानाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विसरणार नाही. संक्रांतीपर्यंत टिकलेला माणूस दोन खेपांत परत आलेल्याकडं जरा वरूनच बघतो.

"मोळी टाकायच्या आधीच पट्टा पडला," नाना म्हणाला, आणि भज्यांची दुसरी प्लेट मागवली.

या सगळ्या शास्त्राला सुरुंग लावला तो एका आकड्यानं. सर एकदा सहज बोलून गेले, की मोरिन्योला आणि त्याच्या सहायकांना काढताना मँचेस्टर युनायटेडला १ कोटी ९६ लाख पौंड मोजावे लागले. क्लबच्या हिशोबात तसं छापून आलंय. पोरानं फोनवर गुणाकार केला. तेव्हाच्या भावानं सुमारे पावणेदोनशे कोटी रुपये.

बाकड्यावर शांतता. कढईतली भजी करपली.

"कुनी कुनाला दिलं?" नानानं विचारलं.

"क्लबनं मोरिन्योला."

"काढलं म्हनून?"

"करार शिल्लक होता ना. काढायचं तर भरपाई द्यावी लागते."

नानाला टॉटनहॅम माहीत होतं, रोमा माहीत होतं, तारखा तोंडपाठ होत्या. ही गोष्ट मात्र त्याच्या ध्यानातच आली नव्हती. आजवर तो मोरिन्योची कीव करत होता. मोरे घरी आला म्हणजे वर कर्ज, दारात माणसं, ट्रॅक्टर गेला, असंच त्याला वाटत असणार. काम न केल्याचे पैसे परत द्यायचे असतात, हा त्याच्या जगाचा पाया. आणि तिकडं मुकादम टोळीला खड्ड्यात घालून निघतो, तर फाटकापर्यंत चेअरमन पोतं घेऊन मागं पळतो!

नेमकी त्याच वेळी त्याच्या टोळीतली एक बाई नातवाला घेऊन उचलीचं विचारायला आली होती. नाना फोन उचलत नाही म्हणून चालत आलेली. ती बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती.

"काढलं तर पैसं देतेत व्हय, नाना?"

"तिकडं. इलायतंत."

"मंग मला काढा की."

सर हसले, पोरगा हसला, आप्पा तर ठसका लागेपर्यंत हसले. बाई हसली नाही. ती उत्तराची वाट बघत उभी होती. नानानं टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, खिशातून काही नोटा काढून तिला दिल्या, आणि आपल्या वहीत लिहायला पेन शोधत बसला. पेन हॉटेलवाल्यानं दिलं.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीडला रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड. ज्यांच्या आज्यांनी वाट पाहिली त्यांचे नातू गाडीसमोर उभे राहून फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी फाट्यावर रेल्वेशिवाय विषय नव्हता. इंजिन केवढं, डबे किती, मुंबईपर्यंत कधी जाणार. नाना तावातावानं आला आणि म्हणाला, "मोरे लागला!"

"कुठं?"

"बेनफिका!"

ज्या बेनफिकाकडून हरला म्हणून तुर्कांनी तीन आठवड्यांपूर्वी काढला, त्याच बेनफिकानं नेला. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याची पहिली नोकरीही तिथलीच, २००० सालची, काही महिन्यांची. म्हणजे सगळं जग हिंडून गडी पुन्हा पहिल्या कारखान्यावर.

आप्पांनी क्षणभर रेल्वे बाजूला ठेवली. "ज्याच्याकडून हारला, त्यानंच मुकादम केला? मोरे साधा मानूस न्हाई. संचालक मंडळात कुनीतरी आसनार त्याचं."

पण नानाला मोरेपेक्षा मोयेस आठवत होता. मोयेसही जानेवारी २०२५ मध्ये बारा वर्षांनी एव्हर्टनला परतला होता. संघ तेव्हा सोळावा, बुडायला एका गुणाची कसर. त्यानं तो तेरावर आणून ठेवला. नानाच्या डोक्यात तेव्हापासून काहीतरी शिजत होतं, ते त्या संध्याकाळी बाहेर पडलं. त्यानं सगळ्यांदेखत धंद्याचा फोन काढला, आणि जुन्या कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना लावला. स्पीकर सुरू केला नाही, पण नानाचं बोलणं असं असतं की पलीकडचं आपोआप कळतं.

"साहेब, मी नाना... व्हय, तोच... तब्येत चांगलीय आता... न्हाई, तिकडं न्हाई जात... तुमच्याकडंच म्हनतो... वीस कोयते... पंधरा? बरं, पंधरा." मग तो उठून उभा राहिला आणि आवाज चढला. "एक करा पन साहेब. करारात एक लिहा. मला मधीच काढलं, तर ऱ्हायलेल्या हंगामाचं कमिशन कारखान्यानं द्यायचं... न्हाई, हसू नका... तसा कायदाय... इंग्लंडात."

बराच वेळ पलीकडून बोलणं चाललं. नाना नुसता हं हं करत होता. फोन ठेवला आणि खाली बसला.

"काय म्हणाले?" सर.

"म्हनले, नारळ कारखाना देईल. शाल तुमची तुमी आना."

"मग? घेणार का पंधरा?"

"घेतले की," नाना म्हणाला. "मोयेसला तरी कुटं इचारलं व्हतं." आणि पोराकडं वळून, "लेका, ह्या फोनवर तीन महिन्यांचं रिचार्ज मार. पट्टा पडंस्तोवरचं न्हाई, तिसऱ्या महिन्यात काय व्हतंय कुनाला ठावं."

हॉटेलवाल्यानं वही उघडून तीन कोरे चहा वाढवले.